नळाचं पाणी पिण्याजोगं नसेल तर: आधी दोष ओळखा, मग उपाय करा

माझं माहेर दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात. तिथल्या बोअरचं पाणी काचेसारखं स्वच्छ दिसतं आणि तोंडात घेतलं की थुंकून टाकावंसं वाटतं. आत्या म्हणायची, "पोरी, ह्या पान्यात दाय बी शिजत नाही." लग्नानंतर मी पुण्याच्या कडेला राहायला आले. इथलं पाणी गोड, चहा छान होणारा, डाळ एका शिट्टीत शिजवणारं. पहिल्याच पावसाळ्यात त्या गोड पाण्याने घरातली तीन माणसं जुलाबाने आडवी झाली आणि धाकट्या पुतण्याला दोन दिवस सलाईन लावावं लागलं.

माहेरी आम्ही खारं पाणी उकळून प्यायचो. त्याने क्षार तसूभरही कमी होत नव्हते, उलट पाणी आटून थोडे वाढतच होते. सासरी मी घाईघाईने आरओ मशीन बसवलं, पण गच्चीवरची टाकी दोन वर्षं धुतलेली नव्हती, आणि दात घासायला, भाज्या धुवायला त्याच टाकीचं पाणी वापरत होतो. म्हणजे दोन्ही घरांत कष्ट होते, खर्च होता, आणि उपाय मात्र चुकीच्या रोगावर चालला होता. हे लिहायला बसले ते त्यासाठीच. पाण्याला दोष एक नसतो, तीन प्रकारचे असतात, आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही.

तीन दोष कोणते

पहिला गढूळपणा. माती, गाळ, शेवाळ, गंजाचे कण. हा डोळ्यांना दिसतो म्हणून लोक त्यालाच सगळ्यात जास्त घाबरतात. तो स्वतः फारसा मारक नाही, पण जंतू त्याच्या आडोशाला राहतात आणि औषध त्यांच्यापर्यंत पोहोचू देत नाही.

दुसरा जंतू. जुलाब, हगवण, कॉलरा, विषमज्वर, कावीळ, जंत हे सगळं इथून येतं. हे दिसत नाहीत, चव देत नाहीत, वासही देत नाहीत. नितळ, थंडगार, गोड पाण्यात ते बिनदिक्कत असतात. २०१२ मध्ये इचलकरंजीत पसरलेली कावीळ पाण्यातूनच आली होती. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्यालगत, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुलियन बॅरी सिंड्रोमचे (मज्जातंतूंवर घाला घालून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराचे) रुग्ण एकामागून एक सापडले आणि आकडा दोनशेच्या पुढे गेला. तपासणीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आणि नोरोव्हायरस आढळले. दोन्ही दूषित अन्नपाण्यातून पोटात जाणारे.

तिसरा विरघळलेली द्रव्यं. मीठ, चुना, फ्लोराइड, नायट्रेट. यांचा त्रास सावकाश होतो, वर्षानुवर्षं. फ्लोराइडने आधी मुलांच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे येतात, मग हाडं आणि सांधे धरतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या किनवट भागात हे दुखणं जुनं आहे. नायट्रेट येतं खतांतून, शेणखळीतून, संडासाच्या शोषखड्ड्यातून. बाटलीवरच्या तान्ह्या बाळाला ते सगळ्यात घातक, कारण रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडतं.

तुमच्या पाण्यात यांतलं काय आहे, ते आधी शोधायचं. बाकी सगळं नंतर.

घरच्या घरी काय कळतं, काय कळत नाही

डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, भांड्यांवर पांढरे डाग, गिझरची कॉइल वारंवार जाते: पाणी जड आहे. चवीला मचूळ किंवा खारट: क्षार जास्त. हंड्यात रात्रभर ठेवल्यावर तळाशी लालसर साका, पांढऱ्या कपड्यांवर पिवळे डाग: लोह. नळ सोडल्यावर पहिल्या बादलीला गटाराचा वास: तुमच्या गल्लीत कुठेतरी पाईप फुटलेला आहे आणि ते पाणी त्या दिवशी प्यायचं नाही, उकळूनही नाही.

आता टीडीएस मीटरबद्दल. पेनासारखं ते यंत्र आजकाल घरोघरी असतं. ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून एकूण क्षारांचा अंदाज देतं. एवढंच. जंतू त्याला दिसत नाहीत. ग्लासभर पाण्यात थेंबभर मैला मिसळला तरी आकडा तसाच राहील. फ्लोराइड घातक प्रमाणात असलं तरी एकूण आकड्यात ते हरवून जातं. मशीन विकायला येणारा माणूस मीटर बुडवून "ताई, बघा किती आलं" म्हणतो, तेव्हा तो खोटं बोलत नसतो, पण तुमच्या जुलाबांशी त्या आकड्याचा काही संबंध नसतो. हे मी ज्याला भेटेन त्याला सांगते.

भारतीय मानक आयएस १०५०० मधले काही आकडे वहीत लिहून ठेवा. एकूण क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगले. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. काठिण्य, म्हणजे पाण्याचा जडपणा, २०० पर्यंत चांगलं, नाइलाजाने ६००. फ्लोराइड १, नाइलाजाने १.५. नायट्रेट ४५, आणि इथे नाइलाजाची सवलत नाही. ई. कोलाय हा जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको. नळाच्या पाण्यात मोकळं क्लोरीन किमान ०.२ मिलिग्रॅम हवं.

पाणी तपासायला देताना

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि अनेक उपविभागांतही आहेत. जलजीवन मिशन १५ ऑगस्ट २०१९ ला सुरू झाल्यावर गावोगावी तपासणी संच दिले गेले आणि प्रत्येक गावात पाच महिलांना ते वापरायला शिकवण्याचं ठरलं. तुमच्या ग्रामपंचायतीत तो संच कपाटात असेल तर तो बाहेर काढायला सांगा. आशाताई किंवा जलसुरक्षक (गावाच्या पाण्यावर देखरेख ठेवणारे) यांना विचारलंत की पत्ता लागतो.

नमुना घेण्यात लोक हमखास चुकतात. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणायची, ती निर्जंतुक केलेली असते. ती विसळायची नाही. आत पूड किंवा थेंबभर द्रव दिसतो, तो मुद्दाम घातलेला असतो, पाण्यातलं क्लोरीन जागच्या जागी थांबवण्यासाठी. विसळलंत तर तो गेला. नळाची तोटी पुसा, धातूची असेल तर आगपेटीची किंवा लायटरची आंच द्या, दोन-तीन मिनिटं पाणी वाहू द्या, बाटलीच्या तोंडाला आतून बोट न लावता भरा, थोडी जागा रिकामी ठेवा. बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. रासायनिक तपासणीला मात्र कोणताही स्वच्छ प्लास्टिकचा कॅन चालतो. तो त्याच पाण्याने तीनदा विसळून भरायचा.

रासायनिक तपासणी वर्षातून एकदा पुरते. जंतूंची दोनदा करा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. बोअर नवा मारला असेल तर फ्लोराइड आणि नायट्रेट तपासल्याशिवाय लहान मुलांना त्याचं पाणी देऊ नका.

गढूळ पाणी: निवळा, मग गाळा

पाणी हंड्यात भरून तासभर स्थिर ठेवा. तुरटीचा खडा हातात धरून पाण्यात पाच-सहा वेळा फिरवा, काढून घ्या, पाणी हलवू नका. गाळाचे पुंजके होऊन तळाशी बसतात. वरचं पाणी अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. तुरटी पाण्यात टाकून ठेवायची नाही. जास्तीची तुरटी पाण्यातच उरते. तुरटीने गाळ जातो, गाळाबरोबर काही जंतूही जातात, पण सगळे मरत नाहीत. तुरटी फिरवली म्हणजे काम झालं, हा समज अनेक घरांत आहे आणि पावसाळ्यात तो महागात पडतो.

गाळायला जुनं सुती लुगडं किंवा धोतर घ्या, नवं नको. धुऊन धुऊन धागे फुगलेले असतात, त्यामुळे विणीतली छिद्रं बारीक होतात. चार पदर करा. बांगलादेशातल्या खेड्यांत साडीच्या किमान चार पदरांतून पाणी गाळायला बायकांना शिकवलं गेलं, तेव्हा कॉलराचं प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटलं. तो अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म प्लवकांना (तरंगणाऱ्या बारीक जीवांना) चिकटून राहतात, आणि प्लवक कापडात अडकतात. आपल्याकडे नारू गेला तोही बराचसा फडक्याने. पायातून हातभर किडा निघायचा, आजीच्या पिढीने तो पाहिलेला आहे. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त झाल्यावर शिक्कामोर्तब झालं. पाणी गाळणं आणि पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवून पाणी न भरणं यांचा त्यात मोठा वाटा होता.

गाळून झाल्यावर फडकं उलटं धुवा आणि कडक उन्हात वाळवा. ओलं फडकं नळाला तसंच बांधून ठेवलं तर तेच जंतूंचं घर होतं. नळाच्या तोटीला महिनोन् महिने बांधलेली ती हिरवट चिंधी आजच काढून टाका.

जंतू: उकळणं

सगळ्यात खात्रीचा उपाय अजूनही हाच. जिवाणू, विषाणू, जंतांची अंडी, क्लोरीनला दाद न देणारे काही परजीवीसुद्धा उकळीत मरतात. वीस मिनिटं उकळा, असं बरेच जण सांगतात. तेवढी गरज नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरे. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर तीन मिनिटं लागतात, पण आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाईच १६४६ मीटरचं आहे, तेव्हा महाराष्ट्रात कुठेही एक मिनिट पुरतं. गॅसच्या खर्चापायी उकळणं सोडून देणाऱ्या घरांसाठी हा हिशेब महत्त्वाचा आहे.

उकळी म्हणजे कडेने बारीक बुडबुडे दिसले, ती नव्हे. पूर्ण पाणी उसळायला हवं. गॅस बंद करून झाकण ठेवा आणि त्याच भांड्यात गार होऊ द्या. गरम पाण्यात पटकन थंड व्हावं म्हणून कच्चं पाणी किंवा बर्फ घातला की सगळं पाण्यात गेलं. रात्री झोपताना उकळून ठेवलं की सकाळी माठात भरता येतं.

एक इशारा. नायट्रेट, फ्लोराइड किंवा क्षार जास्त असलेलं पाणी उकळू नका, निदान त्या दोषावरचा उपाय म्हणून तरी नको. तान्ह्या बाळाची पावडर कालवायला नायट्रेटचं पाणी आटवून वापरणं फार धोक्याचं आहे.

जंतू: क्लोरीन

गावात याला कोणी क्लोरीन म्हणत नाही. टीसीएल किंवा नुसती पावडर (म्हणजे ब्लीचिंग पावडर), नाहीतर मेडिक्लोर (क्लोरीनचं पातळ औषध). "आज पावडर टाकली का?" हा प्रश्न विचारणारं गाव निरोगी राहतं, असं माझं मत आहे.

घरातल्या पिंपासाठी क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोरची बाटली सोयीची. नागपूरच्या नीरी संस्थेच्या सूत्रानुसार अर्ध्या ग्रॅमची एक गोळी २० लिटर पाण्याला पुरते. बाजारात वेगवेगळ्या ताकदीच्या गोळ्या मिळतात, म्हणून पाकिटावरचं प्रमाण वाचा आणि तेच पाळा. मेडिक्लोरचंही तसंच: थेंब किती, लिटर किती, ते बाटलीवर असतं. पाणी आधी गाळलेलं हवं. औषध घालून ढवळा आणि अर्धा तास, शक्यतो तासभर, हात लावू नका. औषध घातल्या घातल्या प्यायलेलं पाणी हे औषध न घातलेलंच पाणी.

विहिरीसाठी टीसीएल पावडर. चांगल्या पावडरमध्ये ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतं आणि १००० लिटरला अडीच ग्रॅम हे साधारण प्रमाण. विहिरीत पाणी किती, याचा हिशेब असा: विहिरीचा व्यास फुटांत मोजा, त्याला त्याच आकड्याने गुणा, मग पाण्याच्या खोलीच्या फुटांनी गुणा, मग २२ ने गुणा. उत्तर लिटरमध्ये येतं. दहा फूट व्यास, बारा फूट पाणी असेल तर दहा गुणिले दहा गुणिले बारा गुणिले बावीस, म्हणजे २६,४०० लिटर. पावडर लागेल ६६ ग्रॅम.

ती पावडर तशीच विहिरीत भिरकावायची नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होतो. प्लास्टिकच्या बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करा, मग बादली पाऊण भरेल इतकं पाणी घालून ढवळा. दहा मिनिटं ठेवा. चुन्याचा साका खाली बसेल. वरचं निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोराने विहिरीत पाण्याखाली सोडा, वर-खाली आणि गोल फिरवा. चुना विहिरीत जाऊ देऊ नका, पाणी जड होतं. हे संध्याकाळी करा, म्हणजे रात्रभर पावडरला काम करायला वेळ मिळतो. तोंडाला फडकं बांधा, डोळे सांभाळा, ओल्या हाताने पावडर घेऊ नका.

पावडर जुनी असली, पोत्याचं तोंड उघडं राहिलं, ओल लागून गोळे झाले, तर तिच्यात दम राहत नाही. नाकाला झोंबणारा वास नसेल तर ती नुसता चुना आहे. म्हणून शेवटचा शब्द ओटी टेस्टचा. लहानशा नळीत पाणी घेऊन ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकायचे. लगेच पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. रंगच आला नाही तर पावडर कमी पडली किंवा निकामी आहे. ही टेस्ट टाकीजवळच्या नळाला नव्हे, गावाच्या टोकाच्या शेवटच्या घरात करायची. टाकीपाशी पिवळं आणि टोकाला पांढरं, याचा अर्थ वाटेत घाण शिरते आहे आणि क्लोरीन तिच्याशी लढण्यात संपतं आहे.

टँकरचं पाणी घेणाऱ्या सोसायट्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तो टँकर कोणत्या विहिरीवर भरला, ते चालकाला विचारा. दहा हजार लिटरच्या टँकरला पंचवीस ग्रॅम टीसीएलचं निवळ पाणी हौदात रिकामं करताना सोबतच घाला, आणि तासाभराने हौदाच्या पाण्याची ओटी टेस्ट करूनच वर चढवा. दर महिन्याच्या देखभाल शुल्कात हा खर्च जाणवतही नाही.

वीज, गॅस, औषध काहीच नसेल तर

लिटर-दोन लिटरच्या पारदर्शक, रंग नसलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या घ्या, वरचं लेबल काढा, गाळलेलं पाणी भरा आणि पत्र्यावर आडव्या ठेवा. कडक उन्हात सहा तास. अर्ध्याहून जास्त आभाळ ढगाळ असेल तर सलग दोन दिवस. उन्हातल्या अतिनील किरणांनी जंतू मरतात. बाटलीच्या मागे ठेवलेल्या वर्तमानपत्राची अक्षरं पाण्यातून वाचता आली पाहिजेत, नाहीतर पाणी अजून गढूळ आहे. सततच्या पावसात हा उपाय निरुपयोगी. शेतात मुक्काम असणाऱ्यांना, ऊसतोडीच्या कोपीवर राहणाऱ्या कुटुंबांना मात्र उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात फुकटात होणारा हा उपाय आहे.

तांब्याच्या कळशीबद्दल नेहमी विचारतात. तांब्यात सोळा तास ठेवलेल्या पाण्यात जुलाबाचे जंतू मरतात, हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे. पण कळशी आतून घासलेली हवी, पाणी नितळ हवं आणि ते सोळा तास पूर्ण जायला हवेत. रोजच्या पाण्यावर आणखी एक संरक्षण म्हणून वापरा. साथीच्या दिवसांत फक्त तिच्यावर विसंबू नका.

कोणतं मशीन घ्यायचं

धरणाचं गोड पाणी नळाने येत असेल, पुणे-मुंबईसारखं, तर क्षार ५०० च्या खूप खाली असतात. तिथे आरओची गरज नाही. गाळण आणि यूव्ही (अतिनील किरणांचा दिवा), किंवा बारीक पडद्याचं यूएफ पुरतं. आरओ प्रत्येक लिटरमागे दोन-तीन लिटर पाणी वाया घालवतं आणि असलेले चांगले क्षारही काढून टाकतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असलेल्या ठिकाणी आरओवर बंदी आणण्याचे निर्देश दिले होते ते याच कारणासाठी. यूव्हीचा दिवा गढूळ पाण्यात काम करत नाही आणि वीज गेली की थांबतो. यूएफ विजेशिवाय चालतं, जिवाणू अडवतं, पण सगळे विषाणू अडवत नाही.

खारं, फ्लोराइडचं किंवा नायट्रेटचं पाणी असेल तर आरओ योग्य. त्याचं वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला वापरा. खाऱ्या भागात झाडांना घालू नका, जमीन खारावते.

मशीन घेतल्यावर माणूस निश्चिंत होतो आणि तिथेच घात होतो. आरओचं पाणी क्लोरीनरहित असतं, त्यामुळे मशीनच्या छोट्या टाकीत जंतू शिरले तर त्यांना रोखायला काही नसतं. ती टाकी आणि तोटी महिन्यातून एकदा उघडून धुवायला लावा. साधा स्टीलचा कँडल फिल्टर असेल तर कँडल मऊ ब्रशने नुसत्या पाण्याने घासा, साबण नको. बारीकशी चीर गेली तरी बदला.

जार घेत असाल तर बंद सील आणि एफएसएसएआयचा चौदा आकडी परवाना क्रमांक पाहा. गल्लीत टेम्पोतून येणाऱ्या थंड पाण्याच्या सुट्या जारवर बहुधा दोन्ही नसतात. थंड असणं आणि शुद्ध असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खारपाणपट्ट्यासाठी: छपराचं पाणी

अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही काठांनी पसरलेल्या गाळाच्या जमिनीखालचं पाणीच खारं आहे. अजून खोल बोअर मारला की गोड लागेल, या आशेवर आमच्या गावात कित्येकांनी पैसे घातले. धरणावरून येणाऱ्या प्रादेशिक योजनांनी हाल कमी झाले, पण पाणी आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी येतं, तेव्हा मधले दिवस उरतातच.

हिशेब करून पाहा. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. चाळीस चौरस मीटरचं पत्र्याचं घर आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस धरला, वीस टक्के वाया गेले असं मानलं, तरी २२,४०० लिटर होतं. पाच माणसांना प्यायला आणि स्वयंपाकाला दिवसाला पंचवीस लिटर लागले तर वर्षाला ९,१२५ लिटर. म्हणजे आपल्याच डोक्यावरून वर्षभराच्या पिण्याच्या दुपटीहून जास्त गोड पाणी वाहून जातं.

मे महिन्यात छप्पर झाडून घ्या. पन्हाळ लावा, तिच्या तोंडाला जाळी. खाली येणाऱ्या पाईपला एक बाजूची तोटी ठेवा. पहिले दोन-तीन चांगले पाऊस त्या तोटीतून बाहेर सोडून द्या, कारण पक्ष्यांची विष्ठा आणि धूळ त्यात असते. पुढेही प्रत्येक पावसाची पहिली दहा-पंधरा मिनिटं तशीच. मग पाणी कोळसा, वाळू आणि खडीच्या थरांतून टाकीत घ्या. टाकी पूर्ण बंद आणि अंधारी हवी. उजेड लागला की शेवाळ धरतं. हवेच्या नळीलाही डासांची जाळी. दहा हजार लिटरची टाकी परवडत नसेल तर दोन हजारांपासून सुरुवात करा आणि ते पाणी फक्त पिण्यासाठी राखा. पिण्याआधी क्लोरीन किंवा उकळणं सोडू नका. माझ्या भावाने चार वर्षांपूर्वी हे केलं. आत्या आता म्हणते की पावसाच्या पाण्यात दाय लोण्यासारखी शिजते.

साठवण आणि खड्डे

शुद्ध केलेलं पाणी घरात येऊन पुन्हा बिघडतं ते आपल्या हाताने. माठात पेला बुडवला की बोटं बुडतात. लांब दांड्याचं ओगराळं घ्या, नाहीतर तोटीचा माठ घ्या. माठ आणि पिंप रोज रिकामे करून आतून घासा. वर नेहमी झाकण. गच्चीवरची टाकी सहा महिन्यांतून एकदा तरी, आणि पावसाळ्यानंतर नक्की, रिकामी करून धुवा. घरात गरोदर बाई असेल तर जास्तच जपा; हिपॅटायटिस ईची कावीळ तिच्या जिवावर बेतू शकते.

कोणाला जुलाब लागले तर डॉक्टरकडे जाईपर्यंत थांबू नका: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने, आणि घोट घोट पाजत राहा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले, मूल सुस्त पडलं तर लगेच दवाखाना.

आता घराबाहेरची गोष्ट, ज्याच्याबद्दल बोलायला लोक लाजतात. आपल्याकडे नळाला चोवीस तास पाणी नसतं. पाणी बंद झालं की पाईपमधला दाब जातो आणि फुटक्या जागेतून, सैल जोडातून शेजारच्या गटाराचं पाणी आत खेचलं जातं. दाब कमी म्हणून लोक नळाखाली खड्डा खणतात. पाणी गेलं की खड्ड्यात साचलेलं सांडपाणी त्याच नळातून मागे शिरतं आणि दुसऱ्या दिवशी गल्लीभर पोहोचतं. जो थेट नळाला मोटर लावून पाणी ओढतो, तो स्वतःच्या हंड्यात आणि शेजाऱ्याच्या हंड्यात गटार ओढत असतो. माझ्या घरच्या त्या पहिल्या पावसाळ्याचं कारण शेवटी हेच निघालं: आमच्याच रांगेतल्या दोन घरांच्या मोटरी आणि कोपऱ्यावरचा गळका जोड.

तेव्हा नळखड्डा बुजवा. नळाला तोटी बसवा. मोटर लावायचीच तर आधी हौदात पाणी पडू द्या आणि हौदातून ओढा. गळती दिसली की फोटो काढून लेखी तक्रार द्या, पोच घ्या. आणि पुढच्या ग्रामसभेला किंवा सोसायटीच्या सभेला एक वही घेऊन जा: तारीख, वेळ, शेवटच्या घराच्या नळाची ओटी टेस्ट, रंग आला की नाही. पहिली नोंद स्वतःच्या घरची करा.